पाहिलंत की वाटलं?

"हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटलं?"

माझी धाकटी जाऊ शेवंता विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली होती, आणि आमच्याकडे राहायला आलेल्या बाई हा प्रश्न माझ्या सासूला विचारत होत्या. भर दुपारची वेळ. आमच्या विहिरीला तेव्हा कठडा नव्हता, नुसता चिऱ्यांचा काठ, तोही एका अंगाने खचलेला. पाणी वीस हात खाली. वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली होती आणि प्रत्येकजण ओरडून काहीतरी सांगत होता. सासू सगळ्यांच्या वर. पोरीला पाण्यातलं काहीतरी लागलंय आणि ते तिला खाली ओढतंय, असं तिचं म्हणणं.

"ओढताना पाहिलंत?" बाईंनी पुन्हा विचारलं. आवाज चढवला नाही.

सासू गप्प झाली. त्या घरात मला येऊन बारा वर्षं झाली होती. तिला मधेच गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"मग काय पाहिलंत?"

"बसली हा," सासू म्हणाली. "पाय सोडून बसली हा."

"तेवढंच आपल्याला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्यांना माडांच्या पलीकडे जायला सांगितलं. माणसं गेली, कारण असं हळू बोलून कुणी हुकूम केलेला त्यांना माहीत नव्हता. बाईंनी वहाणा काढल्या, शेवंतापासून दोन हातांवर जमिनीवर मांडी घातली आणि मला जवळ बोलावलं.

"वहिनी, मी विचारीन ते तिच्या बोलीत विचारा. ती म्हणेल ते मला जसंच्या तसं सांगा. एक शब्द इकडचा तिकडे नको. आज नको."

'आज नको' म्हणाल्या. म्हणजे आजपर्यंत मी काय करत आले ते बाईंना कळलं होतं.

आता मागचं सांगते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आचऱ्याच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेवर आमची वाडी. माझा नवरा गलबतावर, दीर मुंबईला गोदीत. घरात आम्ही तिघी: सासू, मी आणि शेवंता. पुढच्या पडवीला एक खोली होती, ती रिकामी. शाळेच्या हेडमास्तरांनी सांगितलं की एक शिकलेली बाई वर्षभर राहायला येणार आहे, डॉक्टर होणार आहे, तिला खोली द्या. डॉक्टर म्हटल्यावर सासू लगेच तयार झाली. तिचे गुडघे दुखत.

बाई आल्या त्या कसालला गाडी बदलून, एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि एक कंदील घेऊन. वय अठ्ठावीस-तीस. उंच, हाडकुळ्या, चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा. घाटावरच्या. मासे खात नसत. आल्याच्या तिसऱ्या दिवशी खाऊ लागल्या, कारण आमच्याकडे न खाऊन करणार काय.

पहिल्याच सकाळी पडवीत रांग लागली. कुणाला गळू, कुणाचा कान फुटलेला, कुणाला मूल होत नव्हतं. बाई प्रत्येकाला सांगत होत्या की मी त्यातली डॉक्टर नाही, मी मनाचा अभ्यास करते. म्हातारा सुतार म्हणाला, "बरा, मगे माझ्या मनाक एक गोळी देवा." बाई म्हणाल्या गोळी नाही. तो मला म्हणाला, "ही कसली गो डाक्तरीण? सुई नाय, गोळी नाय. नुसती इचारता." आणि निघून गेला. तरीसुद्धा नाव पडलं ते डाक्तरीणबाईच.

मी चौथी पास. वाडीतल्या बायकांत तेवढी शिकलेली मी एकटी, आणि शाळेतली मराठी मला बोलता येई. बाईंचा अभ्यास होता तो ज्यांचे नवरे वर्षानुवर्षं मुंबईला नाहीतर बोटीवर असतात त्या बायकांचा. त्या एकट्या कशा राहतात, त्यांच्या मनात काय चालतं. आता आमच्या बायका परक्या माणसाकडे बघून बोलत नाहीत. त्या माझ्याकडे तोंड करून, पदराआडून, भराभरा पुटपुटत. बाईंना त्यातलं चार आणे कळे. म्हणून मी मधे बसायची आणि सांगायची.

एकदा भात कांडताना मी त्यांना विचारलं की तुम्हाला त्या मोठ्या शाळेत शिकवतात तरी काय. एवढी वर्षं घालवायची, घरदार सोडून इथे आमची पडवी झाडायची.

बाई विचार करून म्हणाल्या, "एक प्रश्न नीट विचारायला शिकवतात."

"आणि त्याला चार वर्षं?"

"काहींना जास्त लागतात."

मला हसू आलं. माझी सासू दिवसाला शंभर प्रश्न विचारी, शाळेचं तोंड न पाहता. पुढे मला कळलं की उत्तर येईपर्यंत थांबणं हा त्या शिक्षणाचा दुसरा भाग आहे. तो सासूला कधी जमला नाही, आणि मलाही नाही.

बाईंची वही मात्र मला आवडे. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारलेली. डाव्या बाजूला शाईने लिहायचं, ते पाहिलेलं आणि ऐकलेलं. उजव्या बाजूला पेन्सिलीने, ते स्वतःला वाटलेलं. शाई पुसायची नाही. पेन्सिल खोडता येते. वाटलेलं नेहमी खोडता येईल असंच लिहावं, असं त्या म्हणत. त्या मलाही छळत. मी म्हटलं की शेजारीण आज रागात आहे, की लगेच, "पाहिलंत की वाटलं?" मी म्हणायची, भांडं आपटलं तिने. "मग भांडं आपटलं असं म्हणा." काही दिवसांनी मी कोंबड्यांविषयीसुद्धा जपून बोलू लागले.

आता माझी लबाडी सांगते. मी तिला तेव्हा लबाडी म्हणत नव्हते.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, हे तुम्हाला माहीत असेल. ज्याचं दुःख असतं तो स्वतः देवाशी बोलत नाही. त्याच्या वतीने जाणता माणूस बोलतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ज्याचं आहे तो कानात दोन शब्द सांगतो, आणि गाऱ्हाणं घालणारा ते देवापुढे शोभेल असं मांडतो. घरातली लाज झाकतो, रडगाणं नीट करतो, राग काढून टाकतो. चांगला गाऱ्हाणं घालणारा तोच. मी लहानपणापासून ते ऐकत आले. बाईंच्या पुढ्यात बसल्यावर मी तेच केलं. मला वाटलं, माझं काम हेच आहे.

बाईंनी शेजारणीला विचारलं होतं की नवरा वर्षाने घरी येतो तेव्हा कसं वाटतं. ती मला म्हणाली, "पयले चार दिस परको वाटता गो. कधी जातलो असा होता." म्हणजे, कधी एकदा जाईल असं होतं. मी बाईंना सांगितलं, "म्हणते, आनंद होतो." बाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आनंद शाईने लिहिला.

असे एकतीस घरांतले आनंद मी लिहवले.

शेवंतालाही विचारलं होतं. ती आमच्या माजघरातच बसली होती, तांदूळ निवडत. बाईंनी मुलांविषयी विचारलं. शेवंता काही बोलायच्या आत मी म्हटलं, "तिला मूल नाही." हे खरंच होतं. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत होतं. अडीच वर्षांचा झील, नाव वासू. तापात तीन दिवसांत गेला. सासूने त्याच्या कपड्यांचं गाठोडं माहेरच्या माणसांबरोबर पाठवून दिलं, पाळणा माळ्यावर टाकला आणि सांगितलं की ह्या घरात आता ते नाव कुणी घ्यायचं नाही. गेलेल्या पोराचं नाव घेतलं तर त्याचा पाय अडकतो, तो पुढे जात नाही, असं ती मानी. तिची स्वतःची तीन गेली होती. त्यांची नावं मला कधी कळली नव्हती.

मग बाईंनी विचारलं होतं की दिवसातली कुठली वेळ बरी जाते. शेवंता तांदळात बोटं फिरवत म्हणाली, "पाणी भरूक जातंय तेव्हा. पाणी माका हाक मारता."

मी ते ऐकलं. मला ते आवडलं नाही. घरातली गोष्ट वहीत कशाला. मी बाईंना सांगितलं, "म्हणते, पाणी भरायला आवडतं."

ह्यानंतर नऊ दिवसांनी ती विहिरीवर बसली.

तर आम्ही तिघी तिथे होतो. बाई म्हणाल्या, "विचारा, मी इथे बसले तर चालेल का."

मला हा प्रश्न खुळा वाटला. तरी विचारला. शेवंताने मान हलवली, हो अशी.

मग विचारायला सांगितलं की ती इथे काय करते आहे. असं नाही विचारलं की उडी मारणार का, किंवा हे काय चालवलंयस. काय करते आहेस, एवढंच. आणि मग त्या थांबल्या. मी तोंड उघडत होते, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माडाची एक झावळी पडली तेवढी आठवते.

शेवंता पाण्याकडे बघतच म्हणाली, "नाव घेतंय मी. पाणी तेचा नाव परत म्हणता. घरात कोण घेणा नाय."

मी ते जसंच्या तसं सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "कुणाचं नाव?"

"तिच्या मुलाचं."

"तिला मूल होतं?"

मी मान डोलावली. त्या मला काही लावून बोलल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. हे मी पाहिलं, मला वाटलं नाही.

"नाव काय त्याचं?"

माडांच्या पलीकडे सासू उभी होती, तिला ऐकू जाणार होतं. मी सांगितलं, "वासू." पाच महिन्यांनी ते नाव आमच्या घरच्या माणसाच्या तोंडून मोठ्याने बाहेर पडलं. खाली विहिरीतूनही अर्धं परत आलं. शेवंताने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे, पाण्याकडे नाही.

बाई म्हणाल्या, "तिला विचारा, वासूबद्दल मला सांगेल का."

मग ती बोलली. तो पेजेत मीठ जास्त मागायचा, बांगडा म्हणता येत नसे म्हणून त्याला बाबो म्हणायचा, कोंबड्याला भिऊन तिच्या लुगड्यात शिरायचा. मी एकेक शब्द बाईंना देत गेले. मधे माझाच आवाज फुटला तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा, पाणी प्या, मग सांगा." पाणी कुठलं पिणार, कळशी शेवंताच्या बाजूला होती. तिनेच ती माझ्याकडे सरकवली.

तासाभराने तिच्या पायाला मुंग्या आल्या आणि ती पाय बाहेर काढून अलीकडे वळली. पाय चोळत बसली. लोक अजून सांगतात की डाक्तरीणबाईने तिला हाताला धरून ओढून काढली. कुणी ओढलं नाही. मुंग्या आल्या.

संध्याकाळी सासूने बाईंना माजघरात बोलावलं. तिचं म्हणणं साधं होतं. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही कागदावर लिहून द्या की हिचं डोकं फिरलं आहे. म्हणजे हिला माहेरी पोचवता येईल आणि मुंबईच्या मुलाचं दुसरं बघता येईल. "दोन वळी लिवन देवा, बाई. आमका इचारतले, तेंका दाखवूक व्हयी." सासू दुष्ट नव्हती. तिला शेवंता पुन्हा विहिरीवर बघायची नव्हती, आणि दुसरा उपाय तिला माहीत नव्हता.

शेवंता दाराआड उभी होती. मला ती दिसत होती.

बाई म्हणाल्या, "मी लिहिणार नाही."

"डाक्तर मगे कित्याक म्हणयतास?"

"मी अजून झालेले नाही. झाले तरी असा कागद द्यायचा मला अधिकार नसेल. आणि मी आज एका बाईला आपल्या मुलाबद्दल बोलताना पाहिलं. वेड पाहिलं नाही."

सासूने विचारलं की मग ती पुन्हा गेली तर. बाई म्हणाल्या, "जाईल की नाही मला माहीत नाही. म्हणून तिला एकटं सोडायचं नाही, आणि तिची तयारी असेल तर उद्या मालवणला खऱ्या डॉक्टरांकडे न्यायचं." 'माहीत नाही' हे शब्द बाई जितक्या सहज म्हणत तितक्या सहज मी कुठल्याही शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकले नाहीत. आमचे हेडमास्तर तर सुनेच्या बाळंतपणाचीसुद्धा तारीख सांगायचे.

तिची तयारी आहे का हे त्यांनी शेवंताला विचारलं, सासूला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पहिल्या गाडीने गेलो. डॉक्टर म्हणाले अंगात रक्त नाही, झोप नाही. बाटली दिली, गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला यायला सांगितलं. परत येताना बाईंनी माझ्या आणि शेवंताच्या हातावर गुळाचं खाजं ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या दुपारी मी सगळं कबूल केलं. कुणी विचारलं नव्हतं. मी पडवीत गेले आणि म्हटलं की शेवंताचंच नाही, सगळ्यांचंच मी बदललं. शेजारणीचा आनंद माझा होता. आणि 'पाणी हाक मारता' हे शेवंता नऊ दिवस आधीच म्हणाली होती.

बाईंनी ट्रंक उघडली, वह्या काढल्या. मला वाटलं अंगावर फेकतील. मी फेकल्या असत्या. त्यांनी पट्टी घेतली आणि पहिल्या पानावर तिरपी रेघ मारली. मग दुसऱ्यावर. एकतीस घरं, पानापानावर रेघ. मी म्हटलं, फाडून तरी टाका.

"फाडायचं नाही. चूक झाली ती दिसली पाहिजे. पुढे कुणी वाचेल त्याला कळलं पाहिजे की इथे आम्ही काय केलं."

'आम्ही' म्हणाल्या. मी म्हटलं चूक माझी.

"नाही, वहिनी. बोली न शिकता मी इथे आले, ती माझी चूक. बायका एवढं बोलत आणि तुम्ही एवढंसं सांगत होतात, ते मला दिसत होतं. पण उत्तरं छान येत होती, मला हवी तशी. म्हणून विचारलं नाही." मग त्यांनी वहीतलं एक पान माझ्यापुढे धरलं. आमच्या घरात आल्या त्या पहिल्या आठवड्यातलं. डाव्या बाजूला शाईने लिहिलं होतं: माजघराच्या तुळईला पाळण्याचा आकडा, पाळणा नाही. उजवी बाजू कोरी होती.

"आकडा पाहिला होता मी," त्या म्हणाल्या. "हेच शिकवतात आम्हाला. पाहिलं तर विचार. मी विचारलं नाही."

मी विचारलं, तुमचे तिकडचे मास्तर रागावतील का. म्हणाल्या, रागावतील, पण त्यांनीच शिकवलंय. मास्तरांचं पत्र आलं ते दोन ओळींचं होतं, बाईंनी मला वाचून दाखवलं. पुन्हा सुरुवात करा, आणि जे झालं ते प्रबंधात लिहा. वर्षभरासाठी मिळत होते ते पैसे संपले. बाई जूनमध्ये गेल्या, कुठल्याशा शाळेत शिकवलं, आणि पाऊस सरल्यावर परत आल्या. तीच ट्रंक, तोच कंदील.

ह्या खेपेला मी मधे बसले नाही. त्या बायकांबरोबर ओढ्यावर धुणं धुवायला जात, सुकटी वाळत घालायला जात. बोली शिकल्या ती आमच्यासारखी कधीच आली नाही, पण कळू लागली सगळी. मासे विकणाऱ्या बायका त्यांना सतावत. "गो डाक्तरीण, तुझो घो खंय?" नवरा कुठे, म्हणून. एकीने तर आपल्या विधुर भावासाठी मागणी घातली. बाईंनी ती वहीत डाव्या बाजूला नीट लिहून घेतली. उजव्या बाजूला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

आता त्या वही दाखवायच्याच नाहीत. ट्रंकेला कुलूप आलं होतं. शेवंता तासन्‌तास त्यांच्यापाशी बसे, आणि माझा जीव वरखाली होई की ही माझ्याविषयी काय सांगते. मी एकदा सरळ विचारलं.

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या.

"माझी जाऊ ती."

"जाऊ तुमची. शब्द तिचे."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्या आमटीत मीठ कमी घातलं. त्यांनी ती तक्रार न करता खाल्ली. त्याही गोष्टीची नोंद कुठेतरी असेल.

दीर शिमग्याला बोटीने मालवणला उतरला. सासूने त्याच्यासाठी दोन स्थळं बघून ठेवली होती, त्या कागदाशिवायच. तो आल्या दिवशी बाईंनी आपली वळकटी उचलली आणि शिरोड्याला ओळखीच्यांकडे चार दिवस जाते म्हणाल्या. मी म्हटलं, आत्ताच तर तुमची गरज. त्या म्हणाल्या, "मी असले की तो माझ्याशी बोलेल. त्याने तिच्याशी बोलायला हवं."

तो बोलला नाही. आमचे पुरुष बोलत नाहीत. दुसऱ्या सकाळी तो कुदळ घेऊन विहिरीवर गेला आणि काठ खचला होता तिथे चिरे लावू लागला. शेवंता त्याला चिरे देत होती. सासू आणि मी मागल्या दारी कोकमाची सोलं वाळत घालत होतो, तिथून दिसत होतं. चार दिवस त्यांनी कठडा बांधला, कमरेएवढा. तिसऱ्या दिवशी दिराने विहिरीत वाकून एकदा नाव घेतलं. मोठ्याने नाही. पण विहिरीने ते मोठं करून आमच्यापर्यंत आणलं.

सासूचे हात थांबले. मग ती सोलांकडे बघतच म्हणाली, "माझ्या एका चेडवाचा नाव आवडी होता." तीन गेली त्यांत एक मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं. ती पुन्हा सोलं पसरू लागली. दुसऱ्या स्थळांचा विषय तिने नंतर काढला नाही.

बाई परत आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला. मी वाट बघत होते. पण त्या दिवशी त्यांनी मला पाहिलंत की वाटलं ते विचारलं नाही.

त्या पावसाळ्याच्या तोंडाला बाई गेल्या. डॉक्टर झाल्या, मोठ्या शहरात शिकवू लागल्या. त्यांनी प्रबंध पाठवला, इंग्रजीत, विटेएवढा जाड. हेडमास्तरांनी आम्हाला एक पान वाचून अर्थ सांगितला. लिहिलं होतं की पहिल्या एकतीस मुलाखती बाद केल्या, कारण संशोधकाने लोकांची बोली शिकली नव्हती. माझं नाव नव्हतं. शेवंताचंही नव्हतं, तिला नुसता आकडा होता. मी हेडमास्तरांना दोनदा विचारलं, दुसऱ्या कुणाची चूक लिहिली आहे का. नाही म्हणाले.

मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. शिकून ती जास्त बोलू लागतात. बाई तेवढ्या एकट्या, ज्यांना शिक्षणाने गप्प बसायला शिकवलं. हे मात्र मला वाटलं, पाहिलेलं नाही. दरवर्षी चतुर्थीच्या सुमाराला त्यांचं पत्र येई. शेवंताला वेगळं, मला वेगळं. तिचं मी कधी उघडलं नाही.

मग एक वर्ष पत्र आलं नाही. नंतर त्यांच्या भाचीचं कार्ड आलं की मावशी गेली, आणि तिच्या सांगण्यावरून आमच्या गावच्या सगळ्या वह्या जाळल्या, कारण ते शब्द ज्यांचे त्यांचे होते. तिरप्या रेघांची पानंही गेली. ती चूक दिसावी असं त्यांना वाटत होतं, म्हणून मी ती इथे लिहून ठेवली.

विहिरीवर आता पंप आहे. कठडा दिराने बांधला तोच आहे. त्या दिवशी शेवंता उडी मारणार होती का, हे मी बाईंना त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही." शेवंताला मी कधी विचारलं नाही.

सासू गेली, दीर गेला, माझा नवरा गेला, बाई गेल्या. शेवंता जिवंत आहे.